बिनडोळ्यांचे भालदार-चोपदार

एसटीत खिडकीशी जागा मिळाली की लोक डोंगर बघतात, मी भिंती बघतो. जुन्नरहून घोडेगावला पोचेपर्यंत माझी मान शेजारच्याला वैताग येईल इतकी फिरत असते. हा हत्ती माझा. ह्या मोराची मान मी जन्मात अशी वाकवली नसती, हा दुसऱ्या कुणाचा. ही भिंतही माझीच होती, आता तिच्यावर सिमेंटची जाहिरात आहे. बायको म्हणते, "गप बसा की जरा, गाडी काय तुम्ही चालवताय?" हातातला ब्रश सुटून इतकी वर्षं झाली, तरी ही चुळबुळ जात नाही. ह्या चुळबुळीमागे एक भिंत आहे. त्या भिंतीबद्दल लिहायचं ठरवून बसलोय, पण आधी धंदा सांगायला हवा, नाहीतर माझी चूक काय झाली ते कळायचं नाही.

मी लग्नाच्या भिंती रंगवायचो. आमच्याकडे तेव्हा लग्न ठरलं की आधी आचारी आणि मग पेंटर, असा क्रम होता. घराला चुना दिला जायचा आणि दाराभोवतीची भिंत माझ्या ताब्यात यायची. चौकटीवर गणपती. दाराच्या दोन बाजूंना भालदार-चोपदार, म्हणजे पागोटं आणि अंगरखा घातलेले, एक भाला आणि एक काठी घेतलेले दोन मानकरी. त्यांच्या पलीकडे सोंडेत माळ धरलेले हत्ती, मग मोर, तुळशीवृंदावन, खाली कमळांची वेल. आणि उरलेल्या जागेत, ओसरीवर टेकलेल्या माणसाच्या अगदी समोर येतील अशी, नवरा-नवरीची नावं. लग्न दोन दिवसांत उरकायचं. भिंत मात्र घरातल्या पुढच्या लग्नापर्यंत तशीच राहायची. एखाद्या वाडीत पहिल्यांदा गेलं तरी कुणाची लेक कुणाला दिली ते विचारावं लागत नसे.

हे काम मला तात्यांनी शिकवलं. तात्या जुन्नरच्या पेठेत एका खोलीत राहायचे. त्यांचे आजोबा पोथ्यांमध्ये चित्रं काढायचे. त्यांतलं एकच चित्र तात्यांकडे उरलं होतं, तळहाताएवढं. ते लाल फडक्यात गुंडाळलेलं असे आणि दसऱ्याला बाहेर निघे. त्या तळहाताएवढ्या कागदावर एक राजा, एक घोडा, पाच बायका आणि पिंजऱ्यातला पोपट होता, आणि पोपटाच्यासुद्धा डोळ्यात पांढरा ठिपका होता. "हे भिंतीवर आणायचं," तात्या म्हणायचे, "भिंत मोठी असली म्हणून हात सैल सोडायचा नाही." भालदाराचा नमुना त्यांनी मोठ्या कागदावर काढून रेघेरेघेवर टाचणीने भोकं पाडली होती. कागद भिंतीला लावायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थापटायची, की ठिपक्यांचा भालदार भिंतीवर उतरायचा. रंग पावडरचे, डिंकाच्या पाण्यात कालवलेले. डोळ्यांसाठी मात्र वेगळा ब्रश होता, खारीच्या शेपटीच्या केसांचा, आणि त्याला मला पहिली तीन वर्षं हात लावायची परवानगी नव्हती.

तात्यांचा एक नियम होता. हळद लागल्याशिवाय नावं लिहायची नाहीत आणि भालदार-चोपदारांचे डोळे उघडायचे नाहीत. बाकी सगळी भिंत आठ दिवस आधी पुरी करा. पण हळदीच्या दिवशी पुन्हा जायचं, घरच्या बाईने भिंतीला हळदीचं बोट लावायचं आणि मगच नाव आणि डोळे. मी एकदा कारण विचारलं होतं. तात्या म्हणाले, "डोळे उघडले की ते पहाऱ्याला उभे राहतात. नवरा-नवरीच नसतील तर बिचाऱ्यांनी पहारा कुणाचा करायचा?"

तात्या गेले आणि त्या सुमारास पावडरचे रंगही गेले. नव्वदीच्या दशकात गिऱ्हाईक डब्यातला ऑइल पेंट मागायला लागलं. "चमाकलं पायजे, पेंटर!" मीही खूश होतो. पावसाने ओघळत नाही, बोटाला लागत नाही, आणि एका भिंतीचं काम निम्म्या वेळात होतं. वैशाखात तर मी जमिनीवर नसायचोच. सायकलला डबे लटकवलेले, खांद्यावर शिडी, सकाळी एका वाडीत हत्तीची पाठ भरायची, ती वाळेपर्यंत दुसऱ्या वाडीत मोराचा पिसारा. एका जागी सलग जेवल्याचं आठवत नाही. बसलो की वाटायचं, तिकडे कुणाची तरी भिंत कोरी राहिली आहे.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगावे तितके थोडे. एकाने मेलेली बैलजोडी हत्तींच्या जागी काढून घेतली आणि पूर्ण होईपर्यंत शिडीखाली डोळे पुसत बसला. पण माझी फजिती केली ती आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका आजीने. घोडेगावहून एसटीने शेवटच्या थांब्यापर्यंत आणि तिथून तासभर पायी, असं ते घर. नातवाने हौसेने बोलावलं होतं. मी छान खाकी-पिवळा अंगरखा घालून भालदार उभा केला. आजी भातखाचरातून आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ह्यो कोन?"

"भालदार, आजी. मानाचा असतो."

"फॉरेस्टवाल्यावानी दिसतोय. ह्यो दारात उभा ऱ्हायल्याव आमच्या घरात पावनं येतील व्हय?"

नातू हसून लोळायचा बाकी राहिला. रंग ओला होता तोवर रॉकेलच्या फडक्याने भालदार पुसून मी तिथे तिच्या सांगण्यावरून वाघ काढला. आतल्या भिंतीवर तिने स्वतः तांदळाच्या पिठाने काढलेली माणसं होती, चार-चार रेघांची, एकालाही डोळे नव्हते. मी विचारलं, तर म्हणाली, "डोळं दिलं की ती आपल्या चुलीत काय शिजतंय ते बघत बसत्यात." मला ते इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर मी एकटाच हसत होतो.

आता त्या भिंतीकडे येतो. किती वेळ टाळणार?

खोडदच्या अलीकडे एक वाडी आहे. तिथून रेडिओ दुर्बिणीच्या, आकाशाकडे तोंड केलेल्या भल्या मोठ्या अँटेना दिसतात. तिथले दगडूभाऊ, घरचं शेत पिकवणारा सरळ माणूस. त्यांच्या थोरल्या मुलीचं, अलकाचं लग्न ठरलं. अलका दहावी झालेली, शिवणकाम करायची. मी भिंत आखत असताना दगडूभाऊ म्हणाले, "पेंटर, हत्तीच्या मागं आपली अँटेना बी काढा."

"लग्नात अँटेना?"

"राव, पावनं नदीपल्याडचं हायेत. त्यान्ला कळू द्या, आमचं गाव काय साधं न्हाई. जगाचं लोक बघाया येत्यात."

काढली. हत्तीमागून उगवलेली ती अँटेना पाहून अलका ओसरीच्या खांबामागून म्हणाली, "काका, हत्तीनं छत्री आनल्यावानी वाटतंय." दगडूभाऊ रागावले, मी हसलो. तिचं ते हसणं मी आजही विसरलेलो नाही, कारण त्यानंतर कितीतरी वर्षं त्या घरात मी हसणं ऐकलं नाही.

त्या आठवड्यात माझ्या अंगावर चार भिंती होत्या. अलकाच्या हळदीच्या दिवशीच दुसरीकडे हळद होती, तीही पारगावच्या बाजूला, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. लाल रंगाचा डबा उघडाच होता, शिडी लावलेलीच होती. मनात म्हटलं, नावं आत्ताच लिहून टाकू, हळदीच्या दिवशी सकाळी येऊन नुसते डोळे उघडू, अर्ध्या तासाचं काम. अलकाची आई म्हणाली, "भाऊ, हळदीआधी नाव?" मी म्हणालो, "काकू, आता काय जुनं धरून बसता!" तात्यांचं वाक्य मला आठवलं नाही असं नाही. आठवलं आणि मी ब्रश बुडवला. चि. राजेंद्र आणि चि. सौ. कां. अलका, वीतभर उंचीची अक्षरं, चमकणारा लाल ऑइल पेंट. दगडूभाऊंनी लांब जाऊन वाचलं आणि मान डोलावली.

दोन दिवसांनी मुलाचे आजोबा वारले. सुतकामुळे लग्न पुढे गेलं. तिथवर समजण्यासारखं होतं. मग निरोप आला, "यंदा नको." मग कुणीतरी नदीपलीकडून बातमी आणली की मुलीचा पायगुण बरा नाही असं त्या घरात बोलतात. आणि दिवाळीनंतर राजेंद्रचं दुसरीकडे लग्न झालं.

वाडीत दुसरंच बोललं जाऊ लागलं. पेंटरने हळदीआधी नाव लिहिलं. मी अशा गोष्टी मानत नाही. पण मानत नसतानाही माणूस किती अस्वस्थ होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं. सायकल चालवताना, चहा पिताना, दुसऱ्याच्या भिंतीवर वेल काढताना ते लाल नाव समोर यायचं. बिचाऱ्या आजोबांना काय माझ्या ब्रशाने मारलं? नाही. पण नाव तर मी लिहिलं होतं ना, आणि ते आता त्या मुलीच्या दारात उभं होतं.

दगडूभाऊंनी बोलावलं. शिव्या देतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, तेवढं पुसा. पुढचं स्थळ बघायचंय."

तात्यांच्या रंगातलं नाव ओल्या फडक्याने पुसलं गेलं असतं. ऑइल पेंट पुसला जात नाही. मी चुन्याचे दोन हात दिले. गुळगुळीत रंगावर चुना धरत नाही, पंधरा दिवसांत पोपडे सुटले आणि लाल अक्षरं पुन्हा बाहेर आली. पत्र्याने खरवडलं, तर रंग निघाला पण गिलाव्यात अक्षरांचे ओरखडे राहिले. त्यांवरून कमळांची दाट वेल काढली. उजेड बाजूने आला की वेलीतून नाव वाचता यायचं. कुणी बोलावो न बोलावो, त्या रस्त्याने गेलो की मी सायकल वळवायचो आणि डबा उघडायचो. अलका मशीनवर बसलेली असायची. पाणी आणून द्यायची आणि पुन्हा मशीन सुरू करायची. आणि दाराच्या दोन बाजूंना माझे भालदार-चोपदार पागोटी घालून उभे, डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा चुना. त्यांना हात लावायची माझी हिंमत नव्हती.

एकदा मी असाच शिडीवर असताना स्थळ आलं. चार माणसं ओसरीवर बसली. पोह्यांच्या बश्या फिरल्या. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ माझ्या भिंतीकडे बघत होते, मावळतीचं तिरपं ऊन नेमकं वेलीवर पडलेलं. त्यांनी मलाच विचारलं, "पेंटर, मागल्या साली हितं कुनाचं लगीन व्हतं?"

दगडूभाऊ आत गेले होते. मला काय बुद्धी झाली देव जाणे. गप्प बसलो असतो तर चाललं असतं. मी झटक्यात म्हणालो, "पुतण्याचं. राजेंद्रचं."

म्हाताऱ्याने चष्मा नीट केला. "अस्सं? मंग पुतन्याच्या बायकूचं नाव बी अलकाच हाय का?"

मी शिडीवर, हातात हिरव्या रंगाचा ब्रश, आणि सगळी ओसरी माझ्याकडे बघत होती. आतून अलका चहा घेऊन उंबऱ्यात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती ट्रे खाली ठेवून आत गेली. पाहुण्यांनी चहा घेतला, घड्याळं बघितली आणि गेले. मोडलेलं लग्न त्यांनी कदाचित पोटात घातलं असतं. खोटं बोलणारं घर कुणाला पाहिजे? आणि त्या घराचं खोटं मी बोललो होतो, ज्याला कुणी उत्तर द्यायला बसवलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर दगडूभाऊ पहार घेऊन आले. "काढा ते. पार खनून काढा." भिंत मातीची, वरचा गिलावा पातळ. सगळी ओळ खणली असती तर ओसरीची बाजू खाली आली असती. आम्ही दोघांनी ठरवलं की मुलीचं नाव तेवढं काढू, नुसत्या राजेंद्रवरून कुणाला काय कळणार? मी छिन्नीने अलका हे नाव गिलाव्यासकट काढलं, तिथे नवा गिलावा लावला आणि चुना मारला. ढेकळं ओसरीवर पडत होती. अलका केरसुणी घेऊन आली आणि तिने ती गोळा करून बाहेर टाकली. माझ्याकडे तिने एकदाच बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळायला कितीतरी वर्षं लागली.

त्यानंतर मी तो रस्ता सोडला. तिकडचं काम निघालं तर लांबचा फेरा घ्यायचो. नारायणगावच्या बाजारात दगडूभाऊंचा फेटा दिसला की मी भाजीच्या पाटीआड व्हायचो. पुढे फ्लेक्स आले. रात्रीत छापून मिळणारे, नवरा-नवरीच्या फोटोंचे. लग्नाच्या भिंती आधी कमी झाल्या, मग थांबल्या. मी दुकानांच्या पाट्या लिहायला लागलो, मग त्याही मिळेनाशा झाल्या. लोकांना वाटायचं मी फ्लेक्समुळे चिडचिडा झालोय.

आणि एक दिवस निरोप आला. वाडीवरच्या एका मुलीने आणला. "अलकाताईंनी बोर्ड लिहायला बोलावलंय. हातानंच लिहिलेला पायजे म्हनल्या."

दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी डबे घेऊन गेलो.

दगडूभाऊ खाटेवर होते, थकलेले. ओसरीवर चार शिलाई मशिनी मांडलेल्या, मुली कापडं बेतत होत्या. अलकाच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. तिचं लग्न झालं नाही. केलं नाही, असं ती म्हणते. आणि भिंत तशीच. मळलेले हत्ती, फिकट अँटेना, वेलीखाली पुसटसा राजेंद्र, आणि त्याच्या शेजारी माझ्या गिलाव्याचं कोरं, चौकोनी ठिगळ.

"काय लिहायचं?" मी खाली बघत विचारलं.

तिने ठिगळावर बोट ठेवलं. "हितं माझं नाव लिव्हा. खाली शिवण क्लास."

"अलका, मी तेव्हा..."

"काका, एक इचारू? तुमी आन् दादांनी त्याचं नाव भिंतीवर ठिवलं आन् माझं खनून काढलं. घर कुनाचं व्हतं?"

खाटेवरच्या दादांनी, दगडूभाऊंनी, तोंड भिंतीकडे फिरवलं. एवढी वर्षं मी पायगुण, नियम, ऑइल पेंट यांचाच विचार करत होतो. तिने केरसुणीने गोळा केलेली ती ढेकळं म्हणजे तिचंच नाव होतं, हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आधी मी राजेंद्रच्या नावावर पक्का निळा पट्टा ओढला, ऑइल पेंटचाच. मग ठिगळावर नाव लिहिलं. चि. नाही, सौ. नाही. नुसतं अलका, वीतभर उंचीचं. मशिनी थांबल्या होत्या, मुली बघत होत्या. मी ब्रश धुवायला वळलो.

"झालं न्हाई अजून," ती म्हणाली. "ह्यांचं काय?"

ती भालदार-चोपदारांकडे बघत होती.

"किती वर्सं झाली, दारात आंधळी उभी हायेत. उघडा डोळं."

"अगं, हळद लागल्याशिवाय..." माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि मी जीभ चावली.

ती आत गेली. स्वयंपाकघरात डब्यांचा आवाज झाला. मुठीत मसाल्याच्या डब्यातली हळद घेऊन ती बाहेर आली, पाण्याच्या तांब्यात बोटं बुडवली, आणि तिने भालदाराच्या पायाशी पाची बोटं उमटवली. मग चोपदाराच्या. उरलेली हळद पदराला पुसली.

"लागली. आता उघडा."

खारीच्या केसांचा ब्रश पिशवीच्या तळाशी होता, वापराविना कडक झालेला. तो मी तोंडात धरून ओला केला, तात्या करायचे तसा. बुबुळं काढली, पापणी काढली, शेवटी एकेक पांढरा ठिपका. चोपदाराचा डावा डोळा जरा तिरळा झाला. मी फडकं उचललं, तर तिने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. फाटकातनं येनाऱ्याकडं नीट बघतोय त्यो."

आणि ती हसली, हत्तीच्या छत्रीला हसली होती तशी.

परवा खोडदच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. वाडी आली तेव्हा मान वळवली. नाव जागेवर होतं. तिरळा चोपदार थेट माझ्याकडेच बघत होता.